हिनोकुबोचं पाचवं घर

माझी मोठी जाऊ सावाए बसत नाही. म्हणजे बसतच नाही. जेवताना एक पाय मोकळा ठेवते, चहा उभ्यानं पिते, आणि टीव्हीसमोर आलीच तर सोलायला काहीतरी हातात घेऊन येते. सत्तावीस वर्षं मी या बाईबरोबर एका छपराखाली काढली. दुपारची आडवी झालेली पाहिली ती एकदाच. तेव्हा ती तापानं फणफणली होती, आणि तेव्हासुद्धा माझ्या नवऱ्याला तिचे गमबूट लपवून ठेवावे लागले.

"जरा बूड टेका की, ताई," मी म्हणायची.

"टेकायला जन्म पडलाय," ती म्हणायची. वय शहात्तर, आणि म्हणे जन्म पडलाय.

या सगळ्याच्या मुळाशी आहे पाट. डोंगरातल्या ओढ्यावर एक लाकडी दार आहे. तिथून निघालेला पाट चार किलोमीटर वळणं घेत आमच्या हिनोकुबोत उतरतो, आणि आमची सगळी भातखाचरं त्याच्या जिवावर. पाण्याची पाळी लावायची, अडकलेली पानं काढायची, रानडुकरांनी बांध उकरला तर बुजवायचा, हे पाटकऱ्याचं काम. माझे थोरले दीर पाटकरी होते. ते आजारी पडले तेव्हा माझा नवरा एइजी शहरातली ट्रकची नोकरी सोडून मला घेऊन इथं आला. पाच वर्षांनी दीर, आमचे दादा, गेले आणि घरातल्या देव्हाऱ्यात जाऊन बसले. सातव्या दिवसाचा विधी झाल्यावर पुरुषमंडळी तांदळाची साके पीत बसली, आता पाटकरी कोण याचा खल करत. शेजारच्या कुरिहाराचं नाव जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, सावाए कुठंय? ती सुतकाच्या काळ्या कपड्यांवर गमबूट चढवून डोंगरात गेली होती. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत आली आणि म्हणाली, "तिसऱ्या खाचराची पाळी होती." खल तिथंच संपला. तिला कुणी नेमलं नाही आणि तिनं कुणाला विचारलं नाही.

तेव्हापासून पहाटे चारला ती आमच्या घराच्या लाकडी झडपा ढकलते. सहा झडपा, सहा वेळा धाड. मग तिच्या कमरेची घंटा, अस्वलाला लांबूनच कळावं म्हणून बांधलेली, खणखणत डोंगराकडं जाते. बावीस वर्षं मी त्या धडधडाटानं उठत आले आणि बावीस वर्षं पांघरुणात तोंड खुपसून तिला शिव्या घालत आले. खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी वसंतात खालच्या आळीतले इनामुरा म्हातारा-म्हातारी मुलाकडं राहायला गेले, आणि आम्ही पाच घरांचे चार झालो. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. सांगते. वरच्या पाणी संस्थेचा जुना नियम आहे, पाटावर पाच चुली हव्यात. दर एप्रिलात घरटी एक माणूस फावडं घेऊन गाळ काढतो, आणि चार घरांच्या हातून चार किलोमीटरचा गाळ निघत नाही, पाट कुठंतरी तुंबतो, फुटतो आणि खालच्या वस्तीत शिरतो. म्हणून नोव्हेंबरच्या बैठकीत घरं मोजतात. पाच भरली नाहीत तर पुढच्या वर्षी वरचं दार बंद. मग पाट कोरडा आणि खाचरंही. खाचरं गेली असती तर एइजीनं कोबी लावला असता, मी गुडघे धरून बसले असते. पण सावाएचं काय झालं असतं? पाय असलेलं वारं आहे ती. त्याला बाटलीत भरून ठेवायचं म्हटलं तर कसं व्हायचं?

जून अखेरीस गावच्या कचेरीतली नागुमो आली. तिशीची पोरगी, सदा घामाघूम. सगळ्यांना देवळाच्या ओट्यावर जमवून म्हणाली, सायतामा शहराहून मोचिदा नावाचं जोडपं येतंय, चाळिशीतलं. नवरा संगणकावर काम करतो, कुठूनही करू शकतो. इनामुरांच्या घरात तीन दिवस राहून बघणार. आवडलं तर कायमचं येणार.

"एकच विनंती आहे," नागुमो म्हणाली, आणि तिनं कुरिहाराकडं बघितलं. "गेल्या वेळेसारखं नको."

गेल्या वेळी जे जोडपं आलं होतं, त्यांच्या बैठकीच्या खोलीत कुरिहारा चार तास बसून दरडी कशा कोसळतात ते सांगत होता. आणि आमच्यातल्या ओबाता आजीनं पहिल्याच दिवशी त्या पोरीला विचारलं होतं, मूल का नाही, दोष कुणात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी नाहीशी.

"तीन दिवस कुणीही त्यांच्या दारात जायचं नाही. बघायला जायचं नाही, बोलायला जायचं नाही, अंगणात पाऊल टाकायचं नाही. त्यांना निवांतपणा हवाय. सावाए आजी, ऐकताय ना?"

सावाए ओट्याखालचं गवत उपटत होती. "ऐकतेय," ती म्हणाली. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या, आणि आमच्याकडं मान हलवली म्हणजे शब्द दिला.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी त्यांची निळी गाडी आली. मी न्हाणीघराच्या खिडकीतून बघितली. नवरा उंच, चष्म्याचा. बायको बारीकशी, टोपी हातात धरून उभी. तिनं वर बघितलं, खाली बघितलं, सगळीकडं बघितलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. असणार कसं? ओबाता आजी पडद्यामागं होती, कुरिहारा गोठ्यात, आणि नेझु, तो एकटा राहणारा टोमॅटोवाला, भर उन्हात प्लास्टिकच्या मांडवात दार लावून बसला होता. बाई किती निवांत गाव आहे म्हणून खूश झाली असेल, असं मला वाटलं. 

सावाएनं कमरेच्या घंटेत चिंधी कोंबली होती, पाहुण्यांची झोपमोड नको म्हणून. दुपारभर ती घराभोवती घिरट्या घालत होती. मी मोजलं, चौदा फेऱ्या झाल्या.

"ताई, तुमच्यानं मला घेरी येतेय."

"त्यांनी पाट बघितला असेल का गं? त्यांच्या अंगणातूनच जातो."

"बघितला असेल, नसेल. तुम्ही बसा."

"आवाज ऐकला असेल. पाण्याचा आवाज आवडतो शहरातल्या लोकांना," ती म्हणाली आणि पंधरावी फेरी सुरू केली.

आता माझा गुन्हा सांगते. शनिवारी पहाटे सावाए डोंगरात गेल्यावर मी सहा वांगी घेतली आणि पाहुण्यांच्या पायरीवर ठेवून आले. बघायला नाही गेले, बोलायला नाही गेले, अंगणात पाऊलही नाही टाकलं, रस्त्यावरून हात लांबवून नुसती ठेवली. पाहुणा आलाय आणि त्याच्या दारात भाजी नाही, हे माझ्यानं सोसवेना. आमच्याकडं रीतच आहे. चांगलं निघालेलं दुसऱ्याच्या दारात ठेवायचं, वाकडंतिकडं घरात खायचं. नाव कुणी लिहीत नाही, हाकही मारत नाही. भाजी बघितली की कळतं कुणाची ते. मी गेले तेव्हा पायरीवर आधीच काकड्यांचा एक ढीग होता. मी मनात म्हटलं, बघा, शब्द म्हणून पाळत नाहीत लोक.

दुपारी मी स्वयंपाकघरात किटली ठेवली होती. दारावर टकटक झाली. मी खिडकीतून वाकून बघितलं तर मिनाको, म्हणजे मोचिदाची बायको, हातात कागदात बांधलेला मिठाईचा डबा घेऊन उभी. दारात जायचं नाही असं नागुमो म्हणाली होती. तीच आपल्या दारात आली तर काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी मोरीच्या कट्ट्याआड वाकून बसले. एइजीनं रेडिओ बंद केला आणि फोटोतल्यासारखा ताठ बसून राहिला.

"कुणी आहे का?" ती बाहेरून म्हणाली. आमच्यातलं कुणी असतं तर दार सरकवून सरळ आत आलं असतं, कडी थोडीच असते. ती बिचारी बाहेरच उभी.

"कुणी आहे का?"

आणि तेवढ्यात किटलीनं शिट्टी मारली. काय सांगू तुम्हाला. ती मेली किटली ओरडतेय, मी कट्ट्याआड, एइजी माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं बघतेय, आणि दाराबाहेर ती बाई उभी. तिला ऐकू येत होतं. आत माणूस आहे हे तिला कळत होतं. ती थोडा वेळ थांबली आणि मग डबा घेऊन गेली. नंतर कळलं, ती चारही घरी गेली होती, आणि चारही घरांनी तिला हेच केलं. ओबाता आजी तर कपाटात शिरली होती.

संध्याकाळी पाचला गावच्या कर्ण्यावर रोजची धून वाजली तेव्हा सावाए आली. तोंड काळवंडलेलं.

"पाणी तुटलंय," ती म्हणाली.

"वरून?"

"वर भरपूर आहे. इनामुरांच्या अंगणातली जाळी तुंबली. काल वारा सुटला, बांबूची पानं आली असणार. सकाळ-संध्याकाळ काढावी लागतात, म्हातारा काढायचा. त्याच्या मागं मी काढत होते. खालची चार खाचरं सुकायला लागलीत, आणि भात पोटरीत आलंय."

भात पोटरीत असताना पाणी तुटणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. कणीस पोटातच वाळतं.

"मग जा की. पाच मिनिटांचं काम."

"अंगणात पाऊल टाकायचं नाही म्हणाली ती."

"अहो, भात मरेल."

"शब्द दिलाय, फुमियो." एवढं बोलून ती बाहेर गेली आणि खालच्या खाचरांच्या बांधावरून वर, वरून खाली फिरत राहिली. जेवायला आली नाही. मी भाताचा गोळा करून तिच्या हातात नेऊन दिला, तो तिनं चालता चालता खाल्ला.

त्यातच नागुमोचा फोन आला. मिनाकोनं तिला सांगितलं होतं, आम्ही उद्या संध्याकाळी नाही, सकाळीच निघतो. पहाटे कुणीतरी येऊन दारात वस्तू टाकून जातं. कुणाला परत द्यायचं, कळत नाही. दारं वाजवली तर घरात असून कुणी उघडत नाही. आम्ही इथं नकोसे आहोत.

"काकू, तुम्ही काय केलंत तरी काय?" नागुमोचा आवाज रडवेला झाला होता.

"काही नाही केलं," मी म्हणाले. आणि माझी मलाच लाज वाटली, कारण ते खरं होतं.

मी सावाएला बांधावर गाठून सगळं सांगितलं. वांग्यांचंही सांगितलं. वाटलं, आता आगपाखड करेल. तिनं फक्त विचारलं, "किती वांगी?"

"सहा."

"मी काकड्या ठेवल्या. अकरा," ती म्हणाली आणि पुन्हा चालायला लागली.

रविवारी साडेतीनलाच झडपा वाजल्या. घंटा वाजली नाही, चिंधी अजून आतच होती. कुठं गेली ते कळेना. मी अंगावर काहीतरी ओढलं आणि निघाले. उजाडायला लागलं होतं. इनामुरांच्या अंगणाभोवती चहाच्या झुडपांचं कुंपण आहे, त्याच्यापलीकडं मला तिची पाठ दिसली. शेवटी शब्द मोडून बाई अंगणात शिरली होती. गुडघ्यांवर बसून, दोन्ही हात कोपरापर्यंत पाटात. तिनं पानांचा गठ्ठा ओढून काढला, आणि पाणी गटकन आवाज करून पुढं गेलं.

"काकड्या ठेवणाऱ्या तुम्हीच का?"

मिनाको पायरीवर बसलेली होती. मला ती दिसलीच नव्हती, सावाएलाही नसावी. खांद्यावर शाल, बाजूला भरलेली बॅग. रात्रभर पाळत ठेवून बसली असावी. भ्यायली असणार, पण पळून नव्हती गेली.

सावाए उठली, हात मांडीला पुसले. "कुठल्या काकड्या?"

मिनाकोनं मागं बोट दाखवलं. वर्तमानपत्र अंथरून तिनं सगळं मांडून ठेवलं होतं. "त्रेचाळीस आहेत. आम्ही दोघंच आहोत."

सावाए त्या ढिगावर वाकली. "या अकरा माझ्या. हे सोटे कुरिहाराचे. वेळेवर तोडत नाही, पण मन मोठं, म्हणून काकडीही मोठी. या काटेरी ओबाता आजीच्या, बियाणं तिच्या सासूचं आहे. तिची जीभही तशीच आहे, पण घासून धुतली की काकडी गोड लागते. टोमॅटो नेझुचे. एकटा आहे, त्यांच्याशीच बोलतो, म्हणून असे लालबुंद." मग तिनं माझं वांगं उचललं. "हे आमच्या फुमियोचं. देठ बघा कसा वेडावाकडा कापलाय. सगळ्यात घाई, कात्रीला धार लावायचा कंटाळा, आणि वर मलाच म्हणते बसा." वांगं तिनं हातात फिरवलं. "पण असं वांगं या डोंगरात कुणाला जमत नाही. मी वीस वर्षं करून बघितलं."

हे ती मला कधी बोलली नव्हती. मी झुडपामागं उभी, डास पाय फोडतायत, आणि माझे डोळे भरून आलेले.

"मग नाव का नाही लिहिलं?" मिनाको म्हणाली.

"नाव कशाला? बघितलं की कळतं."

"मला नाही कळत."

सावाएनं वांगं खाली ठेवलं. मग म्हणाली, "हो. तुम्हाला कसं कळणार? आमच्या डोक्यातच आलं नाही."

"आणि मी आले तेव्हा कुणी दार का उघडलं नाही? एका घरात किटली शिट्टी मारत होती."

"ती फुमियोच. आम्ही सगळे लपलो होतो."

"का पण?"

"तुम्ही राहावं म्हणून."

मिनाको हसली. मग तिचं हसू तोंडातच वाकडं झालं आणि तिनं शाल डोळ्यांना लावली. आणि मी सांगते, तुम्ही विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, सावाए त्या पायरीवर तिच्या शेजारी बसली. दोन्ही पाय टेकून, हात रिकामे.

"खरं सांगू का, आजी? आम्ही नाही येणार," मिनाको म्हणाली. "किटलीमुळे नाही आणि काकड्यांमुळेही नाही. पहिल्या रात्री मी हे पाणी ऐकत झोपले. काल दुपारी आवाज बारीक झाला. मला कळलं होतं, काहीतरी अडकलंय. पण मी उठले नाही. माझं काम आहे असं मला वाटलंच नाही. या घराला पाहुणा नकोय. पाणी थांबलं की उठणारं माणूस हवंय."

सावाएनं पाटाकडं बघितलं.

सकाळी तिनं मिनाकोला चारही घरी फिरवलं. दार सरकवायची आणि आत ओरडायची, "लपू नका, कळलंय सगळं." सगळ्यांनी मिठाई घेतली, सगळे माफी मागताना चटईला डोकं टेकवत होते. ओबाता आजीनं तोंडावर हात ठेवला, म्हणजे प्रश्न बाहेर पडू नये म्हणून. दहा वाजता निळी गाडी गेली. मागच्या सीटवर त्रेचाळीस काकड्या होत्या.

खाचरं वाचली. पण ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, कापणी झाली, आणि दुसरं कुणी आलं नाही. नागुमो दर आठवड्याला फोन करून नाही म्हणून सांगायची. सावाए आधी फिरत होती ती आता दुप्पट फिरायला लागली. हंगाम संपून पाट कोरडा झाला तरी डोंगरात जायची. कुरिहारा म्हणाला, इनामुरांच्या दारावर कुणाच्यातरी नावाची पाटी ठोकू, कोण बघायला येतंय? सावाए म्हणाली, "एप्रिलात फावडं काय पाटी मारणार?"

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी मी अंगणातून आले तर ती ओसरीवर बसलेली. पुढं लसूण नाही, घेवडा नाही. तास झाला, दीड तास झाला. मला धडकी भरली. मी एइजीला म्हटलं, "डॉक्टरला बोलवा, ताई बसल्यात."

तिनं मला हाक मारली. "फुमियो, मी इनामुरांच्या घरात राहायला जातेय. म्हाताऱ्याशी फोनवर बोलून झालंय."

"किती दिवस?"

"चूल मांडायला जातेय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझा तोल गेला. "शोभतं का तुम्हाला? लोक तिशीत वेगळे निघतात, तुम्ही शहात्तराव्या वर्षी? गाव काय म्हणेल? धाकट्या जावेनं छळून हाकललं म्हणतील."

"म्हणू देत. थोडं छळलंसच की."

"दीडशे पावलं तर आहेत," एइजी मध्येच म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. आणि दादांचा देव्हारा?"

"तो इथंच. घर त्यांचं आहे, ते कुठं जाणार? रोजचा पहिला भात तू ठेव. पाणी जास्त घालतेस, तेवढं कमी कर."

मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी तिच्या गाद्या छोट्या ट्रकमध्ये मीच चढवल्या, कारण एइजी दोरी नीट बांधत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी, नोव्हेंबरच्या बैठकीत, संस्थेच्या अध्यक्षांनी चष्मा लावला. "हिनोकुबो. किती घरं?"

"पाच," सावाए म्हणाली. बाकी सगळे बसले होते, ती दाराशी उभी.

"पाचवं कोण?"

"मी."

अध्यक्षांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. "चूल पेटली?"

"आज."

त्यांनी कागदावर पाचाचा आकडा घातला आणि वरच्या दाराच्या फळ्या बदलण्याचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी मला चारला जाग आली. झडपा वाजल्या नाहीत, म्हणूनच जाग आली. एइजी घोरत होता. मी अंधारात पडून वाट बघत राहिले, कशाची ते मलाच ठाऊक नाही. शेवटी उठले आणि सहाच्या सहा झडपा मीच ढकलल्या, हळूच. देव्हाऱ्यात भात ठेवला, पाणी कमी घालून. मग दार सरकवलं तर पायरीवर तीन मुळे. स्वच्छ धुतलेले, पाला बांधलेला, नाव नाही, हाक नाही. तिन्ही सरळ, एकाला फाटा नाही. सत्तावीस वर्षांत तिनं मला सरळ मुळा कधी दिला नव्हता. सरळ ते दुसऱ्यांच्या दारात जायचे, फाटे फुटलेले आम्ही खायचो.

मी ते तिन्ही उचलले आणि गमबूट घालून निघाले. दीडशे पावलं मी रागानं चालले. इनामुरांचं दार, म्हणजे तिचं दार, सरकवलं आणि सरळ आत गेले. ती उभ्यानं चहा पीत होती.

"हे परत घ्या," मी म्हणाले, "आणि घरातले काढा."

ती कप खाली ठेवून मागच्या दारानं गेली आणि तीन फाट्यांचा एक मुळा आणून माझ्या हातात दिला. त्याची माती अजून ओली होती.